डालग्याखालचा इतिहास : ट्रॉम्ब्याची कोंबडी, कुत्रा आणि अंगण

#थ्रेड

१.
मुंबईच्या पूर्व टोकाला, ट्रॉम्ब्याच्या कोळीवाड्यासारख्या जुन्या वस्तीत दिवसाची सुरुवात एका साध्या कृतीने होत आली आहे. दाराशी पालथे घातलेले डालगे उचलले जाते, कोंबडी पिसे झटकत बाहेर येते, मागोमाग तिची पिल्ले. आणि ओट्याखाली झोपेचे सोंग घेऊन पडलेले कुत्रे एक डोळा उघडते. पुढच्या तासाभरात पिल्लांचा पाठलाग, एखादे अंडे गायब, घरच्या बाईची आरोळी आणि त्या कुत्र्याचा जगातला सर्वांत निरागस चेहरा, हे सर्व ओघाने आलेच.

राजे, तह आणि लढाया यांच्या इतिहासात या भांडणाला जागा नसते. तरी त्याचा माग काढत गेले, की वाटेत मनुस्मृती लागते, पारशी धर्मग्रंथ लागतात, १८३२ ची दंगल लागते, अणुशक्ती केंद्र लागते आणि शेवटी बर्ड फ्लूही लागतो.

२.
आधी जागा. ट्रॉम्ब्याचे मराठी नाव तुर्भे. खाडीपलीकडे नवी मुंबईतही एक तुर्भे आहे. हे मात्र अलीकडचे. भर पडण्यापूर्वी हे साष्टीच्या आग्नेयेला असलेले स्वतंत्र बेट होते. मध्ये डोंगर, भोवती खाजण, मिठागरे, भातशेती आणि माहुल, आणिक, देवनार, मानखुर्द यांसारखी गावे.

१५३४ च्या वसईच्या तहानंतर हा सारा मुलूख पोर्तुगीजांकडे गेला. १७३७ ते १७३९ च्या मोहिमेत चिमाजी अप्पांच्या फौजांनी साष्टी आणि वसई घेतली. १७७४ च्या अखेरीस इंग्रजांनी ठाण्याचा किल्ला जिंकला आणि १७८२ च्या सालबाईच्या तहाने साष्टी त्यांच्याकडे कायम राहिली. अडीचशे वर्षांत तीन सत्ता बदलल्या. अंगणातली व्यवस्था मात्र जवळजवळ तशीच राहिली.

३.
या अंगणात आधी कोण आले? नि:संशय कुत्रा. माणसाने माणसाळवलेला तो पहिला प्राणी. किमान १५,००० वर्षांची ही सोबत आहे. कोंबडी त्या मानाने कालची पाहुणी. तांबड्या रानकोंबड्यापासून ती आग्नेय आशियात माणसाळली. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार निःसंदिग्धपणे पाळीव म्हणता येतील अशा कोंबड्यांची सर्वांत जुनी हाडे थायलंडमधील बान नॉन वाट येथे सापडतात आणि त्यांचा काळ इसवी सनपूर्व १६५० ते १२५० असा आहे. भात आणि भरडधान्याच्या शेतांनी रानकोंबड्यांना वस्तीजवळ ओढले, असे हे संशोधक मानतात.

म्हणजे भाताच्या दाण्यामागे चालत कोंबडी माणसाच्या दारी आली, तेव्हा दारात कुत्रा आधीच बसलेला होता. भांडण जुने आहे. फक्त त्याची वस्ती बदलत गेली.

४.
या कहाणीत सह्याद्रीचाही वाटा आहे. पाळीव कोंबडीच्या अनेक जातींची कातडी पिवळी असते. २००८ मधील जनुकीय अभ्यासात असे दिसले, की हा पिवळेपणा तांबड्या रानकोंबड्याकडून आलेला नसून राखी रानकोंबड्याकडून आला आहे. हा राखी रानकोंबडा भारतीय द्वीपकल्पाचा रहिवासी. पश्चिम घाटात त्याची बांग आजही ऐकू येते. जगभरातील कोट्यवधी कोंबड्यांच्या अंगावर अशी आपल्या दख्खन-कोकणच्या रानाची खूण आहे.

५.
आता अंगणाची व्यवस्था पाहू. तिची दोन मुख्य साधने : खुराडे आणि डालगे. खुराडे म्हणजे रात्रीचा निवारा. दगडमातीचा किंवा लाकडाचा, लहान दाराचा. डालगे म्हणजे बांबूच्या कांबींची मोठी टोपली. ती पालथी घातली की आत कोंबडी, बाहेर जग. हवा खेळते, पण नाक शिरत नाही. वर एक दगड ठेवला की काम झाले. तो दगड कशासाठी, हे ज्याच्या घरी कुत्रा आहे त्याला सांगावे लागत नाही.

मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी शब्दकोशात ‘डालणे’ हे क्रियापदच नोंदलेले आहे : कोंबड्या वगैरे टोपलीखाली झाकणे. एखाद्या कामासाठी भाषेत स्वतंत्र क्रियापद असते, तेव्हा ते काम किती घरांत रोज होत असेल याचा अंदाज करता येतो.

६.
‘कोंबडे झाकले म्हणून तांबडे फुटायचे राहत नाही’ ही म्हण सर्वांना ठाऊक आहे. सत्य दडपता येत नाही, असा तिचा अर्थ आपण शाळेत पाठ केला. पण म्हणीतले ‘झाकणे’ म्हणजे हेच डालणे. ते रोजच्या पाहण्यातले होते म्हणूनच त्याची म्हण झाली. कागदपत्रे जिथे गप्प असतात, तिथे इतिहासाच्या अभ्यासकाला म्हणी आणि शब्दकोश असे साक्षीदार म्हणून उभे करावे लागतात.

७.
कुत्र्याच्या खोड्या किती प्रकारच्या? वयात आलेले गावठी कुत्रे घरच्या कोंबड्या ओळखते. शेजारच्या ओळखतेच असे नाही, आणि खरी भांडणे तिथे पेटतात. कुत्र्याचे पिल्लू मात्र पळणाऱ्या प्रत्येक गोष्टीमागे धावते. ते भुकेने मारत नाही, खेळता खेळता मारते; आणि खेळणे हलायचे थांबले की गोंधळून बाजूला बसते. तिसरा प्रकार अंड्याची चटक लागलेल्या कुत्र्याचा. कोंबडी आडोशाला अंडे घालते आणि आनंदाने ओरडून साऱ्या आळीला त्याची वार्ता देते; ही वार्ता ऐकणाऱ्यांत कुत्राही असतोच.

कोळीवाड्यात आणखी एक रणभूमी असते : वाळवण. जवळा आणि बोंबील उन्हात घातले, की त्यावर कावळा, मांजर, कुत्रा आणि खुद्द कोंबडी अशा चौघांचा डोळा. तिथे कोंबडी फिर्यादी नसते. तीही आरोपीच असते.

८.
मग कुत्रा ठेवायचाच कशाला? कारण कोंबडीचे खरे शत्रू दुसरेच. खुराड्याशी येणारे मुंगूस, रानमांजर आणि साप. दिवसा आकाशातून उतरणारी घार. खारफुटी आणि डोंगर यांच्या मध्ये वसलेल्या तुर्भे बेटावर यांतल्या कोणाचीच वाण नव्हती. भुंकणारे कुत्रे नसेल तर सकाळी खुराड्यात फक्त पिसे सापडण्याची भीती.

म्हणून अंगणात एक न लिहिलेला तह असे. कुत्र्याने रात्र सांभाळावी. त्या बदल्यात त्याला उष्टे-खरकटे आणि माशांचे टाकाऊ तुकडे मिळावेत. दिवसा त्याने मोह आवरावा. हा तह कुत्रा मोडत असे, बाई पुन्हा लादत असे. पिल्लू लहान असतानाच त्याला कोंबड्यांच्या सहवासाची सवय लावणे आणि चटक लागलेल्याला तिखट भरलेल्या अंड्याने धडा शिकवणे, ही त्या तहाची कलमे.

९.
या नुकसानीचा हिशेब मांडला, की प्रश्न किती गंभीर होता ते कळते. गावठी कोंबडी वर्षाला साधारण ५० ते ६० अंडी देते. दहाबारा अंडी घालून झाली की ती खुडूक होते, म्हणजे अंडी घालणे थांबवून उबवायला बसते. २१ दिवसांनी पिल्ले निघतात. पुढचे सहा ते आठ आठवडे ती पिल्लांमागे असते आणि अंडी देत नाही. घालणे, उबवणे आणि वाढवणे मिळून एका खेपेला सुमारे तीन महिने लागतात.

एका सकाळी कुत्र्याच्या पिल्लाने पाच-सहा पिल्ले मारली, तर गेले काय? त्या कोंबडीचे तीन महिने. त्यात मानमोडीची, म्हणजे राणीखेत रोगाची साथ आली, तर सारे खुराडेच रिकामे.

१०.
आणि गेले कोणाचे? शेतीचे पैसे पुरुषाच्या हाती, सावकाराच्या वहीत किंवा सरकारच्या वसुलीत जात. कोंबड्या-अंड्यांचा पैसा मात्र महाराष्ट्रातील बहुतेक कष्टकरी घरांत बाईचा मानला गेला. दोन अंडी विकून मीठ-तेल आणावे, पाव्हणा आला तर कोंबडी कापावी, पोराच्या आजारपणात तिच्यावर पैसा उभा करावा. ज्या काळात स्त्रीच्या नावावर जमीन क्वचितच असे, त्या काळात हा तिचा स्वतःचा असा चालताबोलता ठेवा होता.

कुत्र्याने पळवलेले अंडे घरातल्या सर्वांत लहान आणि सर्वांत स्वतंत्र थैलीतून जात असे. तिची आरोळी एवढी मोठी का असे, याचे उत्तर इथे आहे.

११.
पण हे अंगण प्रत्येकाचे नव्हते. कोळी, आगरी, मुसलमान, साष्टीतील ख्रिस्ती (१८८७ पासून स्वतःला ‘ईस्ट इंडियन’ म्हणवणारा समाज), दलित आणि आदिवासी यांच्या दारात कोंबडी दिसे. ब्राह्मण-वाण्यांच्या दारात नाही. या भेदामागे जुनी शास्त्रीय भाषा आहे. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात गावठी कोंबडा खाणे निषिद्ध ठरवले आहे. तिसऱ्या अध्यायात, ब्राह्मण भोजन करीत असताना ज्यांची नजर पडू नये त्यांच्या यादीत चांडाळ, डुक्कर, रजस्वला स्त्री यांच्यासोबत कोंबडा आणि कुत्रा दोघेही आहेत. कोंबड्याच्या पंखांच्या वाऱ्याने आणि कुत्र्याच्या नजरेने श्राद्ध निष्फळ होते, असे तो ग्रंथ सांगतो.

अंगणात एकमेकांशी भांडणारे हे दोघे ग्रंथात एकाच ओळीत बसवले गेले. आणि त्यांच्या शेजारी माणसेही बसवली गेली.

१२.
लोकधर्माने ही ओळ जशीच्या तशी मानली नाही. कार्ल्याच्या एकवीरेला कोळ्यांचा कोंबड्याचा मान चालत आला. खंडोबाच्या मूर्तीसोबत कुत्रा असतो आणि दत्ताच्या पायाशी चार कुत्री दिसतात. नामदेवांची कथा तर घरोघरी सांगितली जाते : कुत्र्याने भाकरी पळवली, तेव्हा कोरडी खाऊ नये म्हणून नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले.

भक्तीच्या अंगाने या कथेचा अर्थ सर्वज्ञात आहे. इतिहासाच्या अंगाने पाहिले तर तिच्यात आणखी एक गोष्ट आहे : कुत्र्याने अन्न पळवणे ही इतकी रोजची बाब होती, की दयेची कसोटी सांगायला याहून ओळखीचा प्रसंग कथाकाराला लागला नाही.

१३.
याच मुंबई परिसरात या दोन प्राण्यांकडे अगदी उलट नजरेने पाहणारा समाजही राहत होता. पारशी परंपरेत कुत्रा पवित्र. मृतदेहाला कुत्र्याची नजर लाभावी असा ‘सगदीद’ विधी आहे. म्हणजे जी नजर मनुस्मृतीत श्राद्ध बिघडवते, ती इथे मृतदेहाभोवतीची अशुद्ध शक्ती दूर करते. वेंदिदादमध्ये पहाटे बांग देऊन माणसांना प्रार्थनेला उठवणारा कोंबडा हा स्रओष या देवतेचा पक्षी आहे. बुंदहिश्न या ग्रंथात तर कोंबडा आणि कुत्रा दुष्ट शक्तींविरुद्ध एकमेकांचे सहकारी आहेत.

प्राणी तेच, स्वभाव तेच. एका ग्रंथात दोघे विटाळाचे कारण, दुसऱ्यात दोघे पहारेकरी. कोळीवाड्यातल्या बाईने दोन्ही ग्रंथ वाचले नव्हते. तिच्या अनुभवात दोघे थोडे पहारेकरी होते आणि थोडे चोर.

१४.
या भिन्न नजरांची टक्कर जून १८३२ मध्ये मुंबईच्या रस्त्यावर झाली. शहरातील बेवारस कुत्री ठरावीक हंगामात मारण्याची पद्धत कंपनी सरकारने १८१३ पासून सुरू केली होती. मारलेल्या कुत्र्यामागे आठ आणे मिळत. बक्षिसाच्या लोभाने मारेकरी पाळलेली कुत्रीही मारतात, घरांत शिरून ओढून नेतात, अशा तक्रारी होत्या. १८३२ मध्ये हा हंगाम वाढवण्यात आला.

६ जूनला फोर्ट भागात जमावाने कुत्री मारणाऱ्या पोलिसांवर हल्ला केला. ७ जूनला दुकाने बंद झाली आणि कुलाब्याच्या लष्करी छावणीची रसद अडवली गेली. पुढाकार पारशांचा होता. हिंदू, जैन आणि मुसलमानही त्यांत सामील झाले. शेवटी लष्कर बोलवावे लागले. इतिहासात हे प्रकरण ‘मुंबईची कुत्र्यांची दंगल’ म्हणून ओळखले जाते.

१५.
पुढे जमशेटजी जिजीभाई यांच्यासारख्या प्रतिष्ठितांनी मध्यस्थी केली आणि कुत्री मारण्याऐवजी शहराबाहेर हलवण्याचा मार्ग निघाला. १८३४ मध्ये जमशेटजी आणि मोतीचंद अमीचंद ऊर्फ मोतीशा शेठ यांच्या पुढाकाराने मुंबईची पांजरपोळ उभी राहिली. पारशी आणि जैन व्यापाऱ्यांची ही संयुक्त कामगिरी होती.

दंगलीच्या मुळाशी एक साधा प्रश्न होता : कुत्रा कोणाचा? इंग्रजी कायद्याला मालक हवा होता. मालक नाही तर कुत्रा बेवारस. इथल्या वस्त्यांत मात्र कुत्रा आळीचा असे. चार घरी भाकरी खाई, चार घरे राखी आणि चार घरांची अंडी चोरी. त्याने कोंबडी मारली तर नुकसान मागायचे कोणाकडे, याचे उत्तर कायद्याकडे नव्हते. आळीतल्या भांडणाकडे होते.

१६.
शहर वाढले, तशी त्याची भूकही वाढली. १८६९ मध्ये क्रॉफर्ड मार्केट सुरू झाले. फळे-भाज्यांसोबत तिथे कोंबड्यांचाही बाजार भरला. पुढे त्याच मंडईच्या एका अंगाला पाळीव प्राण्यांची दुकाने आली आणि जातिवंत कुत्र्यांची पिल्ले विकली जाऊ लागली. अंगणातले दोघे इथे पुन्हा शेजारी आले; पण एक किलोच्या भावाने, दुसरा वंशावळीच्या भावाने. शहराने त्यांच्यात जी विषमता आणली, ती अंगणाला अपरिचित होती.

१७.
विसाव्या शतकात खुद्द तुर्भे बेट बदलले. १९२७ पासून मुंबईचा कचरा देवनारला पडू लागला. कचरा आला की भटकी कुत्री येतातच. आणि ही कुत्री कोणत्याही आळीच्या तहाने बांधलेली नव्हती. १९५० मध्ये महापालिकेची हद्द उपनगरांत सरकली. १९५४ मध्ये होमी भाभा यांच्या नेतृत्वाखाली ट्रॉम्ब्याला अणुऊर्जा संस्था स्थापन झाली. ४ ऑगस्ट १९५६ रोजी ‘अप्सरा’ अणुभट्टी कार्यान्वित झाली आणि १९६७ मध्ये या संस्थेला भाभांचे नाव मिळाले. १९७१ मध्ये देवनारचा कत्तलखाना सुरू झाला.

देशाच्या विज्ञानाचा अभिमानबिंदू, शहराचा कचरा आणि शहराचे मांस हे सर्व काही मैलांच्या परिघात आले. या सर्वांना जमीन लागली. जमीन म्हणजे कोणाचे तरी शेत, मिठागर किंवा अंगण.

१८.
मे १९७६ मध्ये, आणीबाणीच्या काळात, मानखुर्दजवळची जनता कॉलनी पाडण्यात आली. अणुसंशोधन केंद्राच्या वसाहतीसाठी ही जागा हवी होती. जॉकिन अर्पुथम यांच्या नेतृत्वाखाली रहिवाशांनी अनेक वर्षे न्यायालयात आणि रस्त्यावर लढा दिला होता. सुमारे ७०,००० माणसे ट्रॉम्ब्याजवळच्या चिता कॅम्पात हलवली गेली.

अशा स्थलांतरात माणसांची मोजणी होते, झोपड्यांची होते. दाराशी बांधलेल्या बकरीचे, डालग्याखालच्या कोंबडीचे आणि मागे राहिलेल्या कुत्र्याचे काय झाले, याचा रकाना नसतो. नव्या जागी घराला भिंत लागून भिंत आली. कोंबडी मोकळी सोडायला अंगणच नसेल, तर कुत्र्याशी तह कुठे करायचा?

१९.
त्याच दशकात कोंबडीचे जग दुसऱ्या दिशेने बदलत होते. १९७१ मध्ये बी. व्ही. राव यांनी पुण्यात वेंकटेश्वरा हॅचरीज सुरू केली. १९८२ मध्ये त्यांच्याच पुढाकाराने राष्ट्रीय अंडी समन्वय समिती आली. पिंजऱ्यातली संकरित कोंबडी वर्षाला तीनशेच्या आसपास अंडी देऊ लागली. अंडे स्वस्त झाले, गरिबाच्या ताटात प्रथिने आली. हा लाभ लहान नाही.

पिंजऱ्याने कुत्र्याचा प्रश्न कायमचा सोडवला. सोबत कोंबडी बाईच्या हातातूनही गेली. ५० अंडी देणारी कोंबडी तिची होती. ३०० अंडी देणारी कोंबडी कारखान्याची झाली.

२०.
फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूरला भारतातील बर्ड फ्लूची पहिली नोंद झाली. साथ पोल्ट्री फार्मांमध्ये आढळली. परंतु नियमानुसार ठरावीक परिघातील सर्व कोंबड्या मारायच्या असल्याने आदिवासी घरांच्या अंगणातल्या कोंबड्याही गेल्या. भरपाई देण्यात आली. अंगणातल्या कोंबडीची सरकारी किंमत ठरली ती अशी, तिच्या मृत्यूच्या निमित्ताने.

कुत्र्याच्या बाबतीत कायदा जवळजवळ उलट्या वाटेने गेला. २००१ च्या आणि नंतर २०२३ च्या नियमांनी भटक्या कुत्र्याची नसबंदी आणि लसीकरण करून त्याला पुन्हा त्याच भागात सोडण्याचे तत्त्व मांडले. ‘कुत्रा आळीचा’ ही १८३२ मधील रहिवाशांची जुनी भूमिका सुमारे १७० वर्षांनी नियमांच्या भाषेत परत आली. त्याने मारलेल्या कोंबडीचे काय, हा प्रश्न मात्र अजून आळीकडेच आहे.

२१.
म्हणून कोंबडी आणि कुत्रा यांचे भांडण म्हणजे केवळ विनोदी प्रसंग नव्हे. कोणाच्या दारात कोणता प्राणी शोभतो, हे जातीने ठरवले. कोणता कुत्रा जगेल, हे कायद्याने ठरवले. अंगण किती उरेल, हे शहराने ठरवले. या सर्वांच्या खाली, तीन महिन्यांची मेहनत एका सकाळी जाऊ नये म्हणून डालग्यावर दगड ठेवणारी बाई होती. तिच्या नावाचा दस्त कोणत्याही दफ्तरात सापडणार नाही. तिची साक्ष ‘डालणे’ या क्रियापदात आणि एका म्हणीत उरली आहे.

ट्रॉम्ब्याच्या जुन्या गल्ल्यांत आजही एखाद्या दाराशी पालथी टोपली दिसते. वर दगड असतो. शेजारी कुत्रे झोपलेले असते. निदान तसे दाखवत तरी असते.

(थ्रेड समाप्त)